बीपी नॉर्मल आहे, मग टेल्मिसार्टन चालू का ठेवायची? किडनीतले रिसेप्टर, दाह आणि व्रण

गोव्यातल्या साखळी गावाहून एका मुलाने विचारलंय, त्याचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ५४ वर्षांचे, डायबेटिस नाही. लघवीला फेस येत होता म्हणून तपासण्या केल्या तर दिवसाला १.९ ग्रॅम प्रोटीन जातंय आणि क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळायला लागली की हा चढतो) १.७. बायोप्सीत आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळणीचा एक आजार, पुढे नुसतं आयजीए म्हणतो) निघाली आणि रिपोर्टवर लिहिलंय ३० टक्के फायब्रोसिस, म्हणजे किडनीत पडलेला व्रण. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी ४० ची सुरू केली, मग ८० केली. आता बीपी ११८/७६ येतंय, पण तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.९ झालं. घरातले म्हणतायत गोळीनेच किडनी बिघडली, बीपी नॉर्मल आहे तर बंद करून टाका. मुलाने स्वतः बरंच वाचलंय आणि त्याला वाटतंय की खरं मूळ टीजीएफ-बीटाचा (पेशींना व्रण टाकायला लावणारा रेणू) रिसेप्टर आहे, मग सरळ तोच का बंद करत नाहीत, बीपीची गोळी देऊन काय होणार? आणि शेवटचं, पडलेला व्रण भरून येतो का?

मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर आहे, गोव्यातच प्रॅक्टिस करतो, आणि आयजीएचे पेशंट नेहमी बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही विचारताय रिसेप्टरबद्दल, पण तुमच्या घरात आज अडलेला प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे उद्या सकाळी ती गोळी द्यायची की नाही. आधीच सांगतो, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी ती बंद करणार नाही. का नाही हे समजायला रिसेप्टरमधूनच जावं लागतं, त्यामुळे तुमचं वाचन वाया गेलेलं नाही. फक्त मी पेशंट बघितलेला नाही, पोटॅशियम किती हे तुम्ही लिहिलेलं नाही, बायोप्सीचा पूर्ण रिपोर्टही माझ्यासमोर नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी ते ३० टक्के म्हणजे नक्की काय ते बघू. बायोप्सीत किडनीचा दीड-दोन सेंटिमीटर लांब, जेमतेम एक मिलिमीटर जाड तुकडा निघतो. त्याच्या पातळ चकत्या करून वेगवेगळे रंग देतात, त्यातला ट्रायक्रोम नावाचा रंग दिला की कोलॅजन निळं दिसतं. चांगल्या किडनीत ट्युब्युल, म्हणजे लघवी जिथून वाहते त्या बारीक नळ्या, एकमेकींना पाठ लावून दाटीने बसलेल्या असतात, मध्ये जागाच नसते, असल्या तर फक्त सूक्ष्म रक्तवाहिन्या. व्रण पडलेल्या भागात या नळ्या एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतात, मधली सगळी जागा निळी, नळ्या आकसलेल्या, त्यांच्याभोवतीचा पडदा जाड झालेला, आणि त्या निळ्यात इकडेतिकडे गोल गडद केंद्रकाच्या लिम्फोसाइट पेशींचे पुंजके. पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून स्लाइड बघताना माझी नजर त्या निळ्यापेक्षा निळ्याच्या कडेला जास्त असते. तिथे काही नळ्या अजून जिवंत असतात, पण त्यांच्या पेशी चपट्या झालेल्या असतात, आत जी बारीक झालर असते ती गळून पडलेली असते, आणि बाजूला दाहाच्या पेशी जमायला लागलेल्या असतात. पुढच्या दोन-चार वर्षांत निळं कुठवर सरकणार ते या कडेवर ठरतं. रिपोर्टमधलं ३० टक्के म्हणजे झालेला व्रण, औषधं मात्र आपण त्या कडेसाठी देतो.

गोव्यातल्या माणसाला मी हे खाजन शेताचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेताचं, उदाहरण देऊन सांगतो. बांध फुटला, दुरुस्त व्हायला वेळ लागला, खारं पाणी शेतात येत राहिलं की तिथे खारफुटी रुजते. नंतर तुम्ही बांध कितीही मजबूत बांधा, जिथे खारफुटी रुजली तो तुकडा लगेच भातशेतीचा होत नाही, पण उरलेलं शेत वाचतं. तुमच्या बाबांचं ७० टक्के शेत अजून शिल्लक आहे.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की सोनोग्राफीत काहीच सूज नाही असं सांगितलं, मग दाह कुठून आला. सोनोग्राफीत किडनीची सूज म्हणतात ती बहुतेक वेळा लघवी तुंबल्यामुळे असते, स्टोन किंवा प्रोस्टेटमुळे. आपण ज्या दाहाबद्दल बोलतोय तो पेशींच्या पातळीवरचा आहे, तो सोनोग्राफीत दिसत नाही, दोन्हींचा संबंध लावू नका.

आता रिसेप्टर. प्रत्येक पेशीच्या आवरणावर, आणि काही वेळा पेशीच्या आत, ठरावीक प्रोटीन असतात. बाहेरून ठरावीक रेणू येऊन त्यांना चिकटला की त्यांचा आकार बदलतो आणि आत निरोप जातो, त्या निरोपाने पेशीतली काही जीन चालू होतात, काही बंद होतात. रेणू तोच असला तरी कुठल्या पेशीवरच्या रिसेप्टरला तो चिकटला यावर परिणाम ठरतो. हे लक्षात ठेवा, कारण सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

आयजीएमध्ये काय होतं ते क्रमाने सांगतो. शरीरात आयजीए-१ नावाची ॲंटिबॉडी बनते, तिच्यावर जी साखरेची साखळी असते तिच्यात गॅलॅक्टोज कमी पडतं. शरीर तिला परकं समजतं, तिच्याविरुद्ध दुसरी ॲंटिबॉडी तयार होते, दोघींचे गठ्ठे रक्तात फिरतात आणि किडनीच्या गाळणीत, ग्लोमेरुलसमध्ये, जाऊन बसतात. तिथल्या मेसँजियल पेशींवर सीडी-७१ नावाचा रिसेप्टर असतो, त्याचं नेहमीचं काम लोह आत घेण्याचं, पण तो हे गठ्ठेही पकडतो. पकडल्यावर पेशी चिडते, वाढायला लागते, दाहाचे रेणू सोडते, कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतू मारणारी प्रोटीनची यंत्रणा) पेटतं. शेजारच्या पोडोसाइट पेशी, ज्या गाळणीची शेवटची जाळी सांभाळतात, त्या दुखावतात, आणि प्रोटीन गळायला लागतं. बाबांच्या लघवीला जो फेस दिसत होता तो हाच.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पेशंटला तो सहसा कोणी सांगत नाही. लघवीत प्रोटीन जाणं हा फक्त आजाराचा परिणाम नाही, ते प्रोटीन स्वतः पुढची किडनी बिघडवतं. गाळणीतून निसटलेलं अल्ब्युमिन पहिल्या नळीत, प्रॉक्झिमल ट्युब्युलमध्ये, पोचतं. तिथे मेगालिन आणि क्युबिलिन नावाचे दोन रिसेप्टर असतात, त्यांचं काम गळालेलं प्रोटीन उचलून आत घ्यायचं आणि वाया जाऊ द्यायचं नाही. निरोगी माणसात हे काम थोडंच असतं. पण दिवसाला जवळजवळ दोन ग्रॅम बाहेर येतंय म्हणजे आत घेतलं जातंय ते त्याखेरीज वेगळं, आणि पेशीवर हा भार सतत पडत राहिला की तिच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा दाहाचा स्विच चालू होतो. मग ही नळीची पेशी, जी खरं तर साधी कामकरी पेशी, ती एमसीपी-१ सारखे रेणू सोडून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलवायला लागते. मोनोसाइटवर सीसीआर-२ रिसेप्टर असतो, तो हा निरोप ऐकतो, आणि त्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून नळ्यांच्या मध्ये येऊन बसतात. मरणाऱ्या पेशींमधून जे रेणू सांडतात ते टोल-लाइक रिसेप्टरना, मुख्यतः टीएलआर-४ ला, चिकटतात आणि आग अजून वाढते. स्लाइडवर कडेला दिसणारे पुंजके म्हणतो ते यातूनच जमतात.

आणि आता कुठे, एवढं सगळं झाल्यावर, तुमचा टीजीएफ-बीटा येतो. जमलेले मॅक्रोफेज (बाहेर येऊन बसलेल्या मोनोसाइटच पुढे या पेशी बनतात) आणि दुखावलेल्या नळ्या टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे रेणू सोडतात. नळ्यांच्या मधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, शिवाय तिथे मुळातले फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, असतात. त्यांच्यावरच्या रिसेप्टरला हे रेणू चिकटले की त्या पेशी रक्तवाहिनी सोडतात, मायोफायब्रोब्लास्ट बनतात आणि कोलॅजन ओतायला लागतात. आतली साखळी तुम्ही वाचलीच आहे, टाइप-२ रिसेप्टर टाइप-१ ला पेटवतो, तो स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या आतल्या प्रोटीनना, ते केंद्रकात जाऊन कोलॅजनचं जीन चालू करतात. वर टीजीएफ-बीटा पीएआय-१ नावाचं प्रोटीनसुद्धा वाढवतो, त्यामुळे साचलेलं विरघळवणारी यंत्रणा मंदावते, म्हणजे साचतं जास्त आणि निघतं कमी. पेरिसाइट सोडून गेल्यामुळे रक्तवाहिनीही कमकुवत होते, त्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो, अजून नळ्या मरतात. चक्र फिरत राहतं.

म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, व्रण टाकणारा शेवटचा हात टीजीएफ-बीटाचाच. मग तोच का नाही बांधून ठेवत? प्रयत्न झालेत. १९९० साली वेन बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांमध्ये टीजीएफ-बीटाविरुद्ध अँटिसीरम देऊन ग्लोमेरुलसमध्ये साचणारा मॅट्रिक्स (पेशींबाहेरचा कोलॅजनसारखा थर) कमी करून दाखवला होता, तेव्हापासून सगळ्यांना आशा आहे. पण हाच रेणू रोगप्रतिकारशक्तीला आवर घालण्याचं कामही करतो. ज्या उंदरांमध्ये टीजीएफ-बीटा-१ चं जीनच काढून टाकलं ती पिल्लं जन्मल्यावर काही आठवड्यांतच मेली, अंगभर दाह होऊन. म्हणजे तुम्ही फायब्रोब्लास्टवरचा निरोप थांबवायला जाता आणि लिम्फोसाइटवरचा लगाम सुटतो, मघाशी म्हटलं ना, रेणू तोच पण पेशी वेगळी. माणसांमध्ये डायबेटिक किडनीच्या चारशेहून जास्त पेशंटवर टीजीएफ-बीटा-१ विरुद्धची ॲंटिबॉडी देऊन ट्रायल झाली, नेहमीची रेनिन-अँजिओटेन्सिन रोखणारी औषधं (टेल्मिसार्टन त्यातलंच) चालू ठेवून वर ती दिली, आणि काहीच फायदा दिसेना म्हणून ट्रायल मध्येच थांबवली, २०१७ मध्ये ती छापून आली. एवढ्यावरून हा मार्ग कायमचा बंद झाला असं मी म्हणणार नाही, पण आज तुमच्या बाबांना द्यायला माझ्या हातात असं काही नाही.

हातात काय आहे? साखळीचा वरचा भाग. आणि तिथे बसलाय अँजिओटेन्सिन-२ चा, म्हणजे वाहिन्या आवळून बीपी वाढवणाऱ्या हार्मोनचा, एटी-१ रिसेप्टर. लोकांना वाटतं हा बीपीचा रिसेप्टर. बीपीचा आहेच, पण तो मेसँजियल पेशींवर आहे, पोडोसाइटवर आहे, नळ्यांवर आहे, फायब्रोब्लास्टवर आहे, आणि आजारी किडनी स्वतःच्या आत अँजिओटेन्सिन बनवते, त्यामुळे हाताला पट्टा बांधून मोजलेलं बीपी ११८ असलं तरी किडनीच्या आत हा रिसेप्टर जोरात चालू असू शकतो. तो चालू राहिला की गाळणीतला दाब वाढतो, प्रोटीन जास्त गळतं, मेसँजियल पेशी टीजीएफ-बीटा जास्त बनवतात, दाहाच्या पेशी जास्त येतात. टेल्मिसार्टन हा रिसेप्टर अडवते. म्हणजे टीजीएफ-बीटाला थेट हात न लावता त्याचा पुरवठा कमी करते, आणि लिम्फोसाइटवरचा लगाम जागेवर राहतो.

हा नुसता तर्क नाही. २००१ साली दोन मोठ्या ट्रायल आल्या, टाइप-२ डायबेटिसच्या किडनी पेशंटवर. एक लोसार्टनची, रेनाल नावाची, आणि दुसरी इर्बेसार्टनची, दोन्ही टेल्मिसार्टनच्याच गटातल्या गोळ्या. दुसरी जास्त बोलकी आहे कारण तिच्यात एका गटाला इर्बेसार्टन, एकाला अम्लोडिपिन ही वेगळ्या गटातली बीपीची गोळी आणि एकाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, असे तीन गट होते. अम्लोडिपिनने बीपी जवळजवळ तेवढंच उतरलं, पण किडनी वाचवण्यात इर्बेसार्टन पुढे निघाली. बीपी सारखं आणि किडनीचा निकाल वेगळा. तुमच्या घरात कोणी म्हणालं की बीपी नॉर्मल आहे तर गोळी कशाला, तर त्यांना हे सांगा. ते पेशंट डायबेटिसचे होते आणि बाबांना आयजीए आहे, हा फरक आहेच, पण आयजीएमध्येही प्रोटीन जात असेल तर हीच गोळी पहिली, शक्य तेवढ्या पूर्ण डोसपर्यंत, यावर जगभर एकमत आहे.

मग क्रिएटिनिन १.७ वरून १.९ का झालं? ग्लोमेरुलसमध्ये रक्त एका बारीक वाहिनीतून आत येतं आणि दुसरीतून बाहेर जातं. अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी वाहिनी आवळून धरतो, त्यामुळे आत दाब वाढतो आणि गाळण जास्त होतं, पण त्या दाबाची किंमत गाळणी मोजते. टेल्मिसार्टनने ती वाहिनी सैल झाली, दाब उतरला, गाळण थोडं कमी झालं, क्रिएटिनिन थोडं चढलं. १.७ चा १.९ म्हणजे साधारण १२ टक्के वाढ. आमचा नियम असा की पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घ्यायची, तुमच्या बाबांच्या बाबतीत ती साधारण २.२ पर्यंत जाते. तिथे जाऊन स्थिर राहिलं तर चिंता नाही. मी असे पेशंट बघितलेत ज्यांनी एवढ्यावरच गोळी सोडली, क्रिएटिनिन पुन्हा थोडं खाली आलं, घरात सगळ्यांना बरं वाटलं, आणि वर्ष-दीड वर्षाने प्रोटीन तीन ग्रॅम घेऊन परत आले. खाली आलेल्या त्या आकड्याने त्यांचं काहीही भलं झालं नव्हतं, मला हे बघून खरंच वाईट वाटतं.

गोळी थांबवायची वेळ येते ती वेगळ्या कारणांनी. क्रिएटिनिन ३० टक्क्यांच्या वर गेलं तर थांबून शोधावं लागतं, किडनीच्या धमन्या अरुंद तर नाहीत, अंगातलं पाणी तर कमी नाही, सोबत पेनकिलर तर चालू नाही. पोटॅशियम चढलं आणि आहाराने, बाकी उपायांनी उतरत नसेल तर डोस कमी करावा लागतो. जोराच्या उलट्या, जुलाब, तापात खाणंपिणं बंद झालं तर त्या दिवसांपुरती गोळी थांबवायची, डॉक्टरांना फोन करून, आणि बरं वाटल्यावर परत सुरू करायला विसरायचं नाही. गरोदरपणात ही गोळी अजिबात नाही, तुमच्या बाबांना लागू नाही पण वाचणाऱ्यांत तरुण मुलीही असतील, आयजीए त्या वयात बराच असतो, म्हणून लिहिलं.

तुमच्या काकांनी सुचवलंय की एटी-१ एवढा महत्त्वाचा तर सोबत रॅमिप्रिल (अँजिओटेन्सिन-२ बनणंच कमी करणारी गोळी) ही द्या, डबल अडवा. नको. नेमकी हीच जोडी, टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल, २००८ च्या ऑनटार्गेट ट्रायलमध्ये तपासली होती, एकत्र दिल्यावर किडनीचं जास्त नुकसान झालं. २०१३ मध्ये छापलेली अमेरिकेतली अजून एक ट्रायल, लोसार्टनवर रॅमिप्रिलच्याच गटातली लिसिनोप्रिल देणारी, पोटॅशियम चढण्याच्या आणि किडनी अचानक बिघडण्याच्या घटना वाढल्या म्हणून आधीच थांबवली गेली. एकच निरोप दोन ठिकाणी दाबून फायदा होत नाही. वेगळा निरोप अडवला तर होतो, आणि गेल्या पाच-सात वर्षांत आमच्या क्षेत्रात जे चाललंय ते हेच.

एंडोथेलिन या रक्तवाहिनीत बनणाऱ्या रेणूचा ए-रिसेप्टर घ्या. तोही वाहिन्या आवळतो, पोडोसाइट बिघडवतो, व्रण वाढवतो. स्पार्सेन्टान नावाची गोळी हा आणि एटी-१ असे दोन्ही अडवते. आयजीएच्या ४०४ पेशंटवर तिची इर्बेसार्टनशी तुलना झाली, ३६ आठवड्यांनी प्रोटीन एका गटात जवळजवळ ५० टक्के उतरलं, दुसऱ्यात १५ टक्के. अमेरिकेत तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, आणि ती सुरू केली तर टेल्मिसार्टन बंद करावी लागते कारण एटी-१ ती स्वतःच अडवते. बाबांना लागेल की नाही हे आत्ता सांगता येणार नाही, आधी पूर्ण डोसवर तीनेक महिने जाऊ द्या.

अल्डोस्टेरॉनचा (शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन) रिसेप्टर पेशीच्या आत असतो, तो दाह आणि व्रण दोन्ही वाढवतो. स्पायरोनोलॅक्टोन त्याच्यावर जुनी, फिनेरेनोन नवी. फिनेरेनोनची २०२० ची मोठी ट्रायल टाइप-२ डायबेटिसच्या पेशंटवर होती, तिथे किडनीचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला. तो आकडा जसाच्या तसा बाबांना लावू नका. डापाग्लिफ्लोझिन हे औषध रिसेप्टरवर काम करत नाही, नळीतल्या साखर वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर करतं, पण तुमच्या यादीत ते हवं असं मला वाटतं, कारण त्याच्या २०२० च्या ट्रायलमध्ये डायबेटिस नसलेलेही पेशंट होते, त्यात २७० आयजीएचे, आणि त्यांना फायदा स्पष्ट दिसला. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा टेल्मिसार्टन स्थिर होईपर्यंत थांबवलं असेल, मीही एका वेळी एकच बदल करतो, नाहीतर क्रिएटिनिन कशाने हललं ते कळत नाही.

स्टेरॉइडबद्दलही विचारलंय. स्टेरॉइडही रिसेप्टरमधूनच काम करतात, पेशीच्या आतल्या, आणि दाहाची जीन बंद करतात. पण ते जळत्या आगीवर चालतात, राखेवर नाही. तुम्ही बायोप्सी रिपोर्टमधली स्कोरची जी ओळ पाठवलीत तिच्यात टी-१ दिसतंय, म्हणजे व्रण २६ ते ५० टक्क्यांमध्ये. रिपोर्टमध्ये त्याच ओळीत ई आणि सी पुढे काय लिहिलंय ते बघा, ही दोन अक्षरं गाळणीतल्या चालू दाहाची. तिथे १ किंवा २ असेल तर आत्ता चालू असलेला दाह आहे आणि स्टेरॉइडचा विचार होतो, शून्य असेल आणि प्रोटीन गोळ्यांनी उतरत असेल तर मी घाई करत नाही. आपल्याकडे टीबी आहे, इन्फेक्शन आहेत, आणि आयजीएत स्टेरॉइड तपासणाऱ्या ज्या ‘टेस्टिंग’ नावाच्या ट्रायलवर आम्ही विसंबतो तिच्यातही पूर्ण डोसला गंभीर इन्फेक्शन वाढली म्हणून डोस कमी करावा लागला होता. भारतातले पेशंटही तिच्यात होते, म्हणून मला ती आपल्याला लागू वाटते.

आता घरातलं, कारण यात घरच्यांचा हात डॉक्टरइतकाच आहे. मीठ. जास्त मिठावर टेल्मिसार्टनचा प्रोटीन उतरवण्याचा परिणाम बराच कमी होतो, ही माझी कल्पना नाही, मोजून दाखवलेलं आहे. आणि आपल्या जेवणात मीठ कुठे आहे ते वरून घेतलेल्या चिमटीत शोधू नका. सुकी सुंगटं, खारे बांगडे, पेजेसोबतचं खारातलं लोणचं, पापड, चवथीचा फराळ, बेकरीचे पाव, तिथे आहे. पावसाळ्यात ताजं नुस्तं (मासळी) कमी म्हणून रोज सुकं खाल्लं जातं आणि मग ऑगस्टमध्ये प्रोटीन वाढलेलं येतं, हे मी बऱ्याच घरांत बघतो. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ हे लक्ष्य. ते पाळलं जातंय का हे विचारून कळत नाही, २४ तासांच्या लघवीतलं सोडियम मोजलं की कळतं, ९० मिलिमोलच्या आसपास आलं तर उत्तम, दीडशे-दोनशे आलं तर घरात काहीतरी चुकतंय.

आणि दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनवर असलेल्या माणसाला ते धोक्याचं. शहाळ्याचं पाणी किडनीला चांगलं म्हणून रोज दोन-दोन देतात, त्यातही पोटॅशियम भरपूर, रिपोर्ट आल्याशिवाय नको. पाठदुखीला डायक्लोफेनॅक किंवा तसल्या गोळ्या नकोत. आणि काढे. ईश्वरीची मुळी आपल्याकडे जुन्या औषधांत वापरतात, तिच्यात ॲरिस्टोलोचिक ॲसिड असतं, ते प्रॉक्झिमल ट्युब्युलच्या पेशी मारतं आणि फारसा दाह न दिसता थेट व्रण टाकतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत याच कुळातली वनस्पती मिसळली गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या. घटक माहीत नसलेली पुडी कोणी प्रेमाने आणून दिली तरी देऊ नका.

बाबा शेतात उतरतात असं लिहिलंय म्हणून अजून एक. पावसाळ्यात लेप्टोचा ताप आला तर त्या जंतूच्या आवरणावरचं प्रोटीन नळ्यांवरच्या टीएलआर-२ रिसेप्टरला चिकटतं आणि तिथेच दाह पेटतो. चांगली किडनी त्यातून सहसा सावरते, ३० टक्के व्रण असलेल्या किडनीला ते जड जातं. गमबूट घाला, पायाला जखम असताना पाण्यात उतरू नका, ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर त्याच दिवशी दाखवा आणि किडनीचा आजार आहे हे आधी सांगा.

गोव्यातल्याच काणकोणचा उल्लेख एकाने खाली कॉमेंटमध्ये केलाय, तिथेही टेल्मिसार्टनने थांबेल का म्हणून. काणकोण तालुक्यातला कारण न सापडलेला किडनीचा आजार वेगळा आहे, आंध्रातल्या उद्दानमसारख्या ठिकाणी असतो तशा प्रकारचा. तिथे नळ्या आणि त्यांच्या मधली जागा आधी बिघडते, प्रोटीन फार जात नाही. मी वर जी प्रोटीनपासूनची साखळी सांगितली ती तिथे तशी लागू होत नाही, म्हणून आयजीएतला अनुभव तिथे उचलून लावू नये.

राहिला शेवटचा प्रश्न, व्रण भरून येतो का. आम्ही पेशंटला सहसा नाही म्हणून सांगतो, आणि व्यवहारात ते धरून चालणं सुरक्षित आहे. पण पूर्ण नाही असंही नाही. १९९८ मध्ये टाइप-१ डायबेटिसच्या आठ पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यांचं पॅन्क्रियास ट्रान्सप्लांट झाल्यामुळे साखर पूर्ण नॉर्मल राहिली होती. पाच वर्षांनी बायोप्सी केली तेव्हा किडनीत सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी केली तेव्हा ग्लोमेरुलसमधला साचलेला मॅट्रिक्स कमी झालेला होता. म्हणजे निरोप थांबला तर किडनी साचलेलं हळूहळू काढू शकते, पण निरोप पूर्ण थांबावा लागतो आणि वेळ वर्षांत मोजावा लागतो. ज्या नळ्या मेल्या त्या परत येत नाहीत. बाबांसाठी मी आशा कशावर ठेवेन तर प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणणं, आता आयजीएमध्ये लक्ष्य तेच धरतात, आणि क्रिएटिनिन वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवणं. असे पेशंट माझ्याकडे आहेत, कामाला जातात, बायोप्सीत त्यांनाही टी-१ होतं.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासा, सोबत २४ तासांच्या लघवीतलं प्रोटीन आणि सोडियम. लघवी सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली धरायची, मधली एकही वगळायची नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सरळ विचारा की डापाग्लिफ्लोझिन कधी सुरू करायची आणि ई-सीचा स्कोर काय आहे. पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. तोपर्यंत गोळी चालू राहू दे, आणि आकडे आले की इथेच टाका, मी बघतो.